कानाच्या मशीनचं दुकान: दाखला, नोंदी आणि तपासणी

श्रवणयंत्रांचा धंदा करणारे आणि ती यंत्रं वापरणारे, अशा दोघांचीही पत्रं या वेळी विदर्भातल्या तालुक्यांच्या गावांतून आली आहेत. एकाचा प्रश्न वाचला की दुसऱ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं, म्हणून ती एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न: माझी बारावी झाली आहे. नागपूरला एका श्रवणयंत्रांच्या दुकानात तीन वर्षं काम केलं. आता दारव्ह्याला स्वतःचं दुकान टाकायचं आहे. कान तपासायचं यंत्रही जुनं मिळतंय. शॉप ॲक्ट काढला की झालं ना? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: नाही, तेवढ्याने भागत नाही. तुमच्या बेतात दोन वेगळे हक्क एकात मिसळले आहेत. मशीन विकायचा हक्क एका कायद्याने मिळतो, आणि कान तपासून मशीन बसवायचा हक्क दुसऱ्या कायद्याने. एक हातात आला म्हणून दुसरा येत नाही. या सदरातल्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी विक्रीचं. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. ३० सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ मध्ये विक्रेत्याच्या नोंदणीची तरतूद आली. त्यानुसार एमडी-४१ हा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचं. आपल्याकडे ते अन्न व औषध प्रशासन देतं. फी ३,००० रुपये. प्रमाणपत्राला शेवटची तारीख नसते, पण दर पाच वर्षं पुरी व्हायच्या आत ते चालू ठेवण्याची ३,००० रुपये फी भरावी लागते. ही तारीख विसरणारे बरेच असतात. प्रमाणपत्र भिंतीवर लावतानाच पाच वर्षांनंतरची तारीख त्याच्या फ्रेमखाली लिहून ठेवा.

अर्जात ‘सक्षम तांत्रिक व्यक्ती’ दाखवावी लागते. ती पदवीधर चालते, नोंदणीकृत फार्मासिस्ट चालतो, किंवा बारावी होऊन उपकरणांच्या विक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला माणूस चालतो. म्हणजे तुम्ही स्वतःच बसता. फक्त नागपूरच्या दुकानाकडून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या. त्यात कधीपासून कधीपर्यंत, कोणतं काम, आणि त्या दुकानाचा स्वतःचा नोंदणी क्रमांक हवा. नुसतं ‘आमच्याकडे काम करत होते’ असं पत्र आणलं तर पुन्हा नागपूरची चक्कर ठरलेली.

बाकी कागद जागेचे. भाडेकरार, घरमालकाच्या नावाचं वीजबिल, नगर परिषदेची किंवा ग्रामपंचायतीची कर पावती. खेड्यात अर्ज अडतो तो बहुतेक इथेच. घर आजोबांच्या नावावर, वीजबिल काकांच्या नावावर आणि भाडेकरार करून देतो चुलतभाऊ! करार करण्याआधीच नावं जुळवून घ्या. जुळत नसतील तर ज्याच्या नावावर जागा आहे त्याची लेखी संमती लावा. शॉप ॲक्टचं म्हणाल, तर दहापेक्षा कमी माणसं असतील तर २०१७ च्या कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. पाटी मात्र मराठीत.

आता कान तपासण्याचं. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ) व स्पीच थेरपिस्ट, तसंच श्रवणयंत्र आणि इअरमोल्डचे (कानाच्या मापाने बनवलेल्या साच्याचे) तंत्रज्ञ हे त्यात पुनर्वास व्यावसायिक म्हणून नावानिशी आहेत. परिषदेने मान्य केलेलं शिक्षण आणि केंद्रीय नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजाराचा आकडा बघून कोणी हसेल, पण कैदेचा भाग त्याच कलमात आहे.

तेव्हा जुनं ऑडिओमीटर घेऊन स्वतः बटणं दाबू नका. नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट ठरलेल्या वारी दुकानात बोलवा. तपासणी त्याने करायची, ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर) सही आणि नोंदणी क्रमांक त्याचाच. कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्यात अडकतो तो सही करणारा आणि दुकानदारही. तुम्हाला पुढे शिकायचं असेल तर परिषदेच्या मान्यतेच्या एक वर्षाच्या पदविका आहेत. त्यांतली श्रवणयंत्र दुरुस्ती आणि इअरमोल्डची पदविका तुमच्या कामाला जवळची आहे. प्रवेशाआधी संस्थेची मान्यता त्या वर्षापुरती चालू आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर बघा.

प्रश्न: माह्या बाबाले कमी ऐकू येते. बाजाराच्या दिवशी एक माणूस येते, कानात मशीन लावून पाहते अन् ‘आलं का ऐकू?’ म्हणून इचारते. साडेतीन हजारात देल्ली. पावती नाही देल्ली. आता बाबा म्हनते डोकं दुखते, भांड्याचा आवाज सहन होत नाही. मशीन खराब आहे का? (रिसोड तालुका, जि. वाशीम)

उत्तर: मशीन बिघडलेली नसेलही, पण ती बाबांच्या कानासाठी बसवलेली नाही. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा जाड आवाज बरे ऐकू येतात आणि बारीक, तीक्ष्ण आवाज हरवतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ कळत नाहीत, म्हणून ‘आवाज येतो पण शब्द समजत नाही’ अशी तक्रार असते. साधं आवाज वाढवणारं यंत्र सगळंच वाढवतं. कमी ऐकणाऱ्या कानाला मोठा आवाज सहन होण्याची मर्यादा मात्र वाढलेली नसते, त्यामुळे ताट पडलं की कानात सुरी गेल्यासारखं होतं. नीट बसवलेल्या यंत्रात हा वरचा आवाज किती होऊ द्यायचा, हे कान तपासून ठरवलेलं असतं.

आधी यंत्र काढून ठेवा आणि बाबांना जिल्हा रुग्णालयात किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. पुढची लक्षणं असतील तर अजिबात थांबू नका: कानातून पू किंवा पाणी येणं, कान दुखणं, चक्कर, किंवा थोड्या दिवसांत एकाएकी ऐकू कमी होणं. एकाएकी कमी झालेल्या कानावर उपचाराचे पहिले काही दिवसच महत्त्वाचे असतात, आणि ते मशीन लावून बघण्यात जातात. कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो. मळ काढला की मशीनचं कामच उरत नाही.

पावतीचं म्हणाल, तर पुढच्या बाजारी तो माणूस आला की चार गोष्टी मागा. पक्कं बिल, त्यावर मशीनचा सिरीयल नंबर, एमडी-४२ चा क्रमांक आणि वॉरंटी कार्ड. टाळाटाळ केली तर बिलाशिवाय विकतो म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्या. मशीनचा डबा, पॅकिंग टाकू नका. त्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि किंमत छापलेली असायला हवी. नसली तर तोच तुमचा पुरावा. पैसे फोनवरून दिले असतील तर त्या व्यवहाराचा फोटो काढून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

प्रश्न: विक्रीच्या नोंदी नेमक्या किती ठेवायच्या? आमच्याकडे बिलबुक आहे, ते पुरत नाही का? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर: बिलबुकात पैसे कळतात, मशीनचा माग कळत नाही. नियमाला माग हवा असतो. माल कोणाकडून आला, किती आला, बनवणारा किंवा आयात करणारा कोण, बॅच किंवा लॉट नंबर काय, मुदत कधी संपते आणि तो कोणाला गेला. खरेदीही फक्त परवानाधारक बनवणाऱ्याकडून, आयातदाराकडून किंवा नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडून असली पाहिजे. म्हणून पुरवठादाराच्या प्रमाणपत्राची प्रत फाइलला लावून ठेवा. नोंदी किमान दोन वर्षं जपायच्या आहेत. आमचं मत विचाराल तर मशीन लोक चार-पाच वर्षं वापरतात, तेव्हा ग्राहकाच्या नोंदी तेवढी वर्षं तरी ठेवाव्यात.

एक ओळ कशी दिसावी ते बघा. समजा दोन्ही कानांची कानामागची मशीन आली. दोन मशीन म्हणजे दोन ओळी. पहिल्या ओळीत: आवक तारीख, पुरवठादाराचं नाव, त्याचा बिल क्रमांक, कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, कान ‘उजवा’. पुढे त्याच ओळीत विक्रीची तारीख, ग्राहकाचं नाव-गाव, आपला बिल क्रमांक, वॉरंटी कधी संपते. शेवटचा रकाना रिकामा सोडा, त्याचं नाव ‘बदल’. दुरुस्तीला गेलेल्या मशीनच्या जागी कंपनी कधी दुसरी मशीन पाठवते. तिचा सिरीयल नंबर वेगळा असतो, पण वॉरंटी जुन्या मशीनच्या तारखेपासूनच चालते. ‘बदल’च्या रकान्यात नवा नंबर लिहिला नाही तर वर्षभराने ग्राहक मशीन घेऊन येतो आणि कार्डावरचा नंबर मशीनवर नसतो. मग भांडण. सगळ्यांत जास्त गफलत इथेच होते, आणि ती टळायला अर्धा मिनिट लागतो.

उजवा-डावा लिहायचा आळस करू नका. मशीनवर उजव्याला लाल आणि डाव्याला निळी खूण असते. दोन्ही कानांचं प्रोग्रामिंग वेगळं असेल आणि अदलाबदल झाली तर म्हातारा माणूस ‘मशीन बेकार आहे’ म्हणतो आणि कपाटात ठेवून देतो.

दुसरी वही ग्राहकाच्या कानाची. याला आपल्याकडे केस पेपर म्हणतात. त्यात ऑडिओग्राम, तारीख आणि सही-क्रमांकासह, कानात बघून काय दिसलं, डॉक्टरकडे पाठवलं का, मोल्डसाठी कानाचा ठसा घेतला असेल तर त्याची तारीख, मोल्डचा प्रकार, पहिलं प्रोग्रामिंग आणि नंतरचे बदल. ऑडिओग्राम बघताना एक तपासा. दोन कानांत ४० डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक दिसतो आणि मास्किंगची (एक कान तपासताना दुसऱ्या कानात मुद्दाम आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवण्याची) खूण नाही, तर तो आलेख अपुरा आहे. चांगला कान वाईट कानाच्या वतीने उत्तर देऊन गेलेला असू शकतो, आणि मशीन चुकीच्या आकड्यांवर बसते.

ठशाचीही नोंद करा, कारण तिथे इजा होऊ शकते. ठशाचं सिलिकॉन भरण्याआधी कानात दोरा लावलेला कापसाचा किंवा फोमचा बोळा कानाच्या नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवायचा. बोळा लहान पडला की सिलिकॉन कडेने पुढे सरकतं आणि पडद्याला चिकटतं. पडद्याला भोक आहे किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं आहे, अशा कानाचा ठसा दुकानात घेऊच नका. केस पेपरवर ‘आधी बघितलं, नंतर बघितलं’ असे दोन रकाने ठेवा. दुसरा रकाना भरायचा म्हणजे बोळा बाहेर आला आणि आत काही राहिलं नाही, हे डोळ्यांनी बघावंच लागतं.

बॅटऱ्यांची नोंद वेगळी. १०, ३१२, १३ आणि ६७५ या चार मापांच्या झिंक-एअर बॅटऱ्या, रंग अनुक्रमे पिवळा, तपकिरी, केशरी, निळा. प्रत्येक पाकिटावर मुदत असते, तर जुनं पाकीट पुढे, नवं मागे. अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पाकिटावर छापलेल्या तापमानात माल ठेवणं ही नोंदणीची अटच आहे. एक साधा थर्मामीटर भिंतीला लावा आणि उन्हाळ्यात सकाळ-दुपार आकडा लिहा. फ्रिज मात्र नको. बाहेर काढल्यावर दव धरतं आणि बॅटरीची हवेची छिद्रं खराब होतात.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, ‘आमच्याकडचा ऑडिओग्राम दाखवला की दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, ते पण आम्हीच काढून देतो, दोन हजार लागतील.’ खरं का? (कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर: नाही. प्रमाणपत्र शासनाने नेमलेलं वैद्यकीय प्राधिकरणच देतं. आपल्यासाठी ते बहुधा जिल्हा रुग्णालय. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर स्वतः करता येतो, त्याला पैसे लागत नाहीत. तपासणी रुग्णालयात पुन्हा होते. कोणाला दोन हजार देऊ नका.

प्रश्न: आमची संस्था ग्रामपंचायतीच्या सभागृहात कानाचं शिबिर घेते. विक्रेता तिथेच मशीन विकतो. चालतं का? (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर: विक्रीचं नोंदणी प्रमाणपत्र जागेचं असतं, त्यावर पत्ता असतो. सभागृह त्यात नाही. शिबिरात तपासणी करा, ठसा घ्या, सल्ला द्या. मशीन आणि बिल नोंदणी असलेल्या दुकानातून, तिथल्या नोंदवहीत चढवूनच जाऊ द्या. मशीन द्यायला पुन्हा यावं लागतं ही अडचण खरी आहे, पण मशीन बसवल्यावर पंधरा दिवसांनी आवाज जुळवायला कोणाला तरी यायचंच असतं. तोच दिवस ठरवा.

तपासणीबद्दल मात्र संस्थेने आग्रह धरावा. सभागृहात पंखे, बाहेर डीजे किंवा थ्रेशर, आत शंभर माणसांचा गोंगाट. अशा जागी २५० आणि ५०० हर्ट्झचे हळू आवाज गोंगाटात बुडतात. आलेखात त्या बाजूचं ऐकणं आहे त्यापेक्षा वाईट दिसतं, मग मशीन त्या जाड आवाजांना उगाच जास्त वाढवते आणि माणूस म्हणतो ‘डोक्यात घुमतं.’ तपासणीची खोली रस्त्यापासून लांबची घ्या. पंखे बंद. खोलीत तपासणारा आणि तपासला जाणारा एवढेच. सुरुवातीला चांगलं ऐकणाऱ्या तरुण माणसाचा कान त्याच खोलीत तपासा. त्यालाही ५०० हर्ट्झला ३०-३५ डेसिबल लागत असतील तर खोली बदला. ऑडिओमीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र वर्षाच्या आतलं आहे का, तेही बघा. जीपच्या मागे आदळत गेलेल्या हेडफोनचा आवाज सरकतो, आणि एका हेडफोनची वायर आत तुटत आली असेल तर मधूनच आवाज जातो. रोज सकाळी तपासणाऱ्याने तो स्वतःच्या कानाला लावून दोन्ही बाजू ऐकायला हव्यात.

प्रश्न: औषध निरीक्षक येणार असं कळलं आहे. ते काय बघतात? मशीन उचलून नेऊ शकतात का? (चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर: निरोप देऊन येतीलच असं नाही, तेव्हा रोजच तयार असलेलं बरं. प्रमाणपत्र ग्राहकाला दिसेल असं लावलेलं आहे का, हे आधी बघतात. मग साठवणीची जागा. मग एखादी मशीन कपाटातून काढून तिचा सिरीयल नंबर नोंदवहीत शोधायला सांगतात आणि तिचं खरेदी बिल मागतात. ही साखळी एका मशीनसाठी दोन मिनिटांत दाखवता आली की बाकी तपासणी सोपी जाते. सक्षम तांत्रिक व्यक्ती म्हणून दाखवलेला माणूस कुठे आहे, हेही विचारतात. तो नोकरी सोडून गेला असेल आणि तुम्ही कळवलं नसेल, तर ती मोठी त्रुटी.

निरीक्षणाची वही दुकानात असायला हवी. अधिकारी त्यात शेरा लिहितात. त्रुटी लिहिली तर वाद न घालता दुरुस्त करा आणि केलेल्या दुरुस्तीचं पत्र पोच घेऊन द्या. मागच्या शेऱ्याखाली काहीच उत्तर नसलेली वही पुढच्या अधिकाऱ्याचं मत आधीच ठरवते.

अधिकाऱ्याला नमुना घेता येतो. त्याची वाजवी किंमत देऊ करणं आणि तुम्हाला कागद देणं हे त्यांचं काम. शंका असलेला माल २० दिवसांपर्यंत विकू नका असा आदेश देता येतो, जप्तीही करता येते. जप्तीची पावती घ्या आणि त्यावर प्रत्येक सिरीयल नंबर लिहिलेला आहे का ते सही करण्याआधी मोजा. ‘४ नग श्रवणयंत्रे’ एवढ्यावर सही करू नका. माल कोणाकडून घेतला हे विचारलं तर सांगावंच लागतं, लपवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. अडवणूक केली तर तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ओळखपत्र मात्र तुम्ही जरूर मागा. तपासणीच्या नावाखाली फिरणारे भामटे ओळखपत्र मागितलं की निघून जातात.

प्रश्न: आर्वीत ऑटोला भोंगा लावून ‘बहिरेपणा कायमचा बरा, मशीन घ्या, महिन्याभरात मशीनशिवाय ऐका’ अशी जाहिरात चालू आहे. कोणी विचारत कसं नाही? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर: विचारायला कायदा आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा १९५४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत बहिरेपणा आहे. बहिरेपणा बरा करतो अशी जाहिरात हाच गुन्हा, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मशीन कान बरा करत नाही, ती आवाज कानाला पोचवते, काढली की ऐकणं आधीइतकंच. भोंग्याचं रेकॉर्डिंग करा, ऑटोचा नंबर आणि पत्रक जोडून पोलीस ठाण्यात आणि अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज द्या.

प्रश्न: भाचा अमेरिकेतून ‘दुकानात थेट मिळणारी’ मशीन पाठवतो म्हणतो. तिकडे लायसन्स लागत नाही का? (वरुड, जि. अमरावती)

उत्तर: तिकडे मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाला राज्याचा परवाना लागतो. १७ ऑक्टोबर २०२२ पासून मात्र १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम ऐकू कमी असणाऱ्यांसाठी मशीनचा एक वर्ग तज्ज्ञाशिवाय मिळतो. तुमचं ऐकणं त्याहून कमी असेल तर ती मशीन उपयोगाची नाही. शिवाय बिघडली तर वरुडात काय, नागपुरातही त्या कंपनीची मशीन उघडून बघणारा सापडेलच असं नाही. आधी इथे ऑडिओग्राम काढा, तो भाच्याला पाठवा, मग ठरवा.

प्रश्न: मशीनच्या बिलात जीएसटी लावला आहे. बरोबर आहे का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर: श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. बॅटऱ्यांवर कर लागतो. तेव्हा बिलात मशीन आणि बॅटऱ्या वेगळ्या ओळींत मागा. मशीनच्याच ओळीत कर लावला असेल तर दुरुस्त बिल आणि ती रक्कम परत मागा, आणि मागताना सिरीयल नंबर बिलावर आहे ना, तेही बघून घ्या.